वनराज भाटिया आपले नाहीत, हे कोणी ठरवलं?

(संगीत महोत्सव समितीला खुले पत्र)

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संगीत महोत्सव समिती

विषय : संगीतकार वनराज भाटिया यांच्यावरील कार्यक्रमाचा प्रस्ताव नामंजूर केल्याबाबत

स. न. वि. वि.

समितीचं पत्र मिळालं. महोत्सवातली एक संध्याकाळ वनराज भाटिया यांच्या संगीताला द्यावी, असा प्रस्ताव आम्ही काही संगीत शिक्षकांनी दिला होता. तो आपण नामंजूर केलात. त्याऐवजी शेवटच्या रात्री ऑर्केस्ट्रा सुरू होण्यापूर्वी ‘दिवंगत संगीतकारांना मानवंदना’ असा फलक लागेल आणि त्यावर इतरांबरोबर त्यांचाही फोटो असेल, असं आपण कळवलं आहे. कारणं तीन दिली आहेत. एक, भाटिया खान्देशातले नव्हते. दोन, ते शास्त्रीय की फिल्मी हे ठरत नाही, त्यामुळे त्यांना कोणत्या रात्री बसवायचं हा प्रश्न आहे. तीन, एखादं गाणं सोडलं तर लोकांना त्यांचं काही माहीत नाही, खुर्च्या रिकाम्या राहतील.

ही तिन्ही कारणं मला मान्य नाहीत आणि ती का मान्य नाहीत हे मी चारचौघांत सांगणार आहे. समितीचं आणि गावाचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशा समित्या आहेत आणि थोड्याफार फरकानं हेच उत्तर कुठेही मिळालं असतं. शिवाय तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखते. महोत्सवाच्या आधी दोन महिने तुम्ही दुकानोदुकानी वर्गणी मागत फिरता, पाहुण्या कलाकारांना स्टेशनवर घ्यायला जाता, स्वतःच्या घरी जेवू घालता. तुमच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण महोत्सव गावाच्या पैशांवर चालतो, त्यामुळे त्यात काय ऐकायला मिळावं आणि कोणाला वगळावं, हे गावासमोर बोललं गेलं पाहिजे.

भाटिया ७ मे २०२१ रोजी मुंबईत गेले. वय ९३. ते दिवस कोविडच्या दुसऱ्या लाटेचे होते. रोज ओळखीतलं कोणी ना कोणी जात होतं, ऑक्सिजन सिलिंडरसाठी लोक रात्रभर फोन करत होते. त्याच महिन्यात नागपुरात राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीतले लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, गेले. कोणाचीच शोकसभा घेता आली नाही आणि त्याचा दोष कोणालाच देता येणार नाही. पण राहून गेलेली ती सभा नंतरही कधी झाली नाही. राम-लक्ष्मणची गाणी निदान तुमच्या ऑर्केस्ट्रात वाजतात. भाटियांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्यांचा जन्म ३१ मे १९२७ चा. ३१ मे २०२७ रोजी शंभर वर्षं पूर्ण होतील. आमचा प्रस्ताव या शताब्दीसाठी होता, हे आपल्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

आता पहिलं कारण. भाटिया खान्देशातले नव्हते, हे खरं आहे. ते मुंबईतल्या कच्छी व्यापारी घरातले. पण आपल्या महोत्सवात धारवाडचं, ग्वाल्हेरचं, कोलकात्याचं गाणं येतं तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. मग तो याच माणसाला का लावला?

आणि नातंच शोधायचं असेल तर ते धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला सापडतं. स्मिता पाटील म्हटलं की आपल्याकडे आजही म्हातारी माणसं सरसावून बसतात. शिवाजीराव गिरधर पाटलांची मुलगी, आपली पोर. डिसेंबर १९८६ मध्ये ती गेली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीतल्या बायका घरातलं कोणी गेल्यासारख्या रडल्या होत्या. तिच्या जयंतीला, पुण्यतिथीला आपण तिचे सिनेमे दाखवतो, भाषणं करतो. पण ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘मंडी’ या चारही चित्रपटांचं संगीत वनराज भाटियांचं आहे, हे त्या भाषणांत मी एकदाही ऐकलेलं नाही. तिचा चेहरा आपण आपला म्हणतो. पण पडद्यावर त्या चेहऱ्याभोवती जे सूर आहेत, ते लावणारा माणूस परका?

‘भूमिका’चंच बघा. या चित्रपटासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून प्रेरणा घेतलेली ही कथा. नायिका लहानपणापासून सिनेमात काम करते, काळ बदलतो, तिच्या आयुष्यातले पुरुष बदलतात आणि ती ज्या सिनेमांत गाते-नाचते त्या सिनेमांची गाणीही बदलत जातात. म्हणजे संगीतकाराला एकाच चित्रपटात वेगवेगळ्या दशकांची गाणी करायची होती. जुन्या काळचं गाणं जुन्या काळासारखंच वाटलं पाहिजे, त्या वेळचा वाद्यमेळ, त्या वेळची गाण्याची ढब, त्या वेळचा साधेपणा. आणि तरी त्याची नक्कल वाटता कामा नये. ‘तुम्हारे बिन जी ना लगे’ हे प्रीती सागर यांनी गायलेलं गाणं वर्गात वाजवलं की पोरींना ते १९७७ सालचं आहे हे खरं वाटत नाही. त्या ते कितीतरी जुनं समजतात. एखाद्या कसलेल्या संगीतकाराला आपली स्वतःची शैली बाजूला ठेवून दुसऱ्या काळाची भाषा इतकी अचूक बोलता येते, ही साधी गोष्ट नाही. या एका चित्रपटावर दीड तासाचा कार्यक्रम होऊ शकतो. तो करायला आपल्याकडे माणसं आहेत. तो शिरपूरला व्हावा की आपल्या गावात, एवढंच ठरवायचं आहे.

‘मंथन’शी तर आपलं नातं अजून जवळचं आहे. माझी आई सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायची. फॅट कमी लागलं की तिथेच थांबून हुज्जत घालायची, कार्डावरचा आकडा पुन्हा बघायला लावायची. दूरदर्शनवर ‘मंथन’ लागला तेव्हा दूध मोजण्याची ती मापं, ती रांग आणि रांगेत कोण पुढे उभं राहणार यावरचं ते राजकारण तिला समजावून सांगावं लागलं नाही. तो चित्रपट गुजरातचा, त्यासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पण नवापूरच्या पुढे गुजरातच आहे, आपल्या कित्येक मुली तिकडे दिल्या आहेत आणि तिकडच्या इकडे आल्या आहेत. ‘मेरो गाम काठा पारे’ची चाल आईनं एकदाच ऐकली आणि नंतर ती भाकरी थापताना गुणगुणायची. शब्द तिला नीट कळत नव्हते, लय कळत होती. परवा वर्गात हेच गाणं वाजवलं तेव्हा साक्री तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, हाई आपलं गानं शे का?” समितीच्या पहिल्या कारणाला याहून चांगलं उत्तर मला देता येणार नाही.

हे गाणं प्रीती सागर यांनी गायलं, लिहिलं त्यांची बहीण नीती सागर यांनी. त्यासाठी प्रीती सागर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे अमूलनं ते आपल्या जाहिरातीत घेतलं. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात, तो कोणाचा होता हे सांगत नाही, माझी विद्यार्थिनी हे गाणं गायली. निवेदकानं ओळख करून दिली : “आता ऐकूया अमूलच्या जाहिरातीतलं गोड गाणं.” चित्रपटाचं नाव नाही, संगीतकाराचं नाही, कवयित्रीचं तर नाहीच. मी मध्यंतरात जाऊन दुरुस्ती करायला सांगितलं. उत्तर आलं, “मॅडम, लोकांना काय फरक पडतो?” माझा राग तेव्हापासूनचा आहे, हे मी लपवत नाही. फरक पडतो. २०२४ मध्ये हाच ‘मंथन’ नव्यानं जतन होऊन फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. जगातले लोक तो आवर्जून बघतात आणि ज्यांचं दूध, ज्यांची बोली, ज्यांची मुलगी त्या पडद्यावर आहे त्यांच्या गावात त्याचं गाणं लोण्याच्या जाहिरातीचं म्हणून ओळखलं जातं.

दुसरं कारण मला जास्त लागलं, कारण ते संगीत जाणणाऱ्या माणसांनी लिहिलं आहे. ‘शास्त्रीय की फिल्मी हे ठरत नाही.’

भाटियांनी हिंदुस्थानी संगीताचे धडे मुंबईत देवधरांच्या संगीत विद्यालयात घेतले. प्रा. बी. आर. देवधर म्हणजे गंधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. आपल्या गावातली शे-दोनशे मुलं दर सत्राला प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा देतात, त्या ज्या गंधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतल्या आहेत, त्याच परंपरेच्या दारातून हा माणूस संगीतात शिरला. तिथून तो पियानोकडे गेला. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए. झाला. मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, तिथे सुवर्णपदक. मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण. बुलांजेबाई म्हणजे विसाव्या शतकातल्या रचनाकारांच्या गुरू. जगभरातले तरुण त्यांच्याकडे शिकायला जात. एवढं शिकून १९५९ मध्ये हा माणूस मुंबईला परत आला. पुढे पाच वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं.

परत आल्यावर काम काय मिळालं? जाहिरातींचं. एका साडीच्या जाहिरातपटापासून सुरुवात झाली आणि जिंगल्सचा, म्हणजे जाहिरातींच्या छोट्या सुरावटींचा, आकडा सात हजारांच्या घरात गेला असं सांगतात. पाश्चात्त्य शास्त्रीय रचना ऐकायला इथे श्रोते नव्हते, वाजवायला वाद्यवृंद नव्हते. पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी, समूहगायनासाठी त्यांनी लिहिलं, गिरीश कर्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं संगीतनाट्य, लिहायला घेतला, पण पोट भरलं ते तीस सेकंदांच्या सुरावटींवर आणि नाव झालं सिनेमावर. ही विद्या त्यांनी सिनेमात आणली. १९७४ च्या ‘अंकुर’पासून दिग्दर्शक श्याम बेनेगलांबरोबर त्यांनी जे काम केलं, त्यात गाणी कमी आणि पार्श्वसंगीत जास्त आहे. आपल्याकडे गाण्याला चाल देणारा तो संगीतकार, अशीच समजूत आहे. पडद्यामागे जे वाजतं ते कोणीतरी आपोआप वाजवतं असं लोकांना वाटतं. ते असं नसतं. प्रत्येक प्रसंगाची लांबी सेकंदात मोजायची, संवाद कुठे संपतो ते बघायचं, कोणतं वाद्य माणसाच्या आवाजाला झाकणार नाही ते ठरवायचं, आणि मग लिहायचं. वादकांच्या समोर ठेवायला कागद लागतो. भाटिया तो कागद लिहिणारे होते.

वर्गात मी एक प्रयोग करते. चित्रपटातला एक प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवते, मग आवाजासह. मुलांनी वहीत लिहायचं : संगीत कुठे सुरू झालं, कुठे थांबलं, कोणती वाद्यं ओळखू आली. पहिल्या वेळी बहुतेकांच्या वह्या कोऱ्या असतात. तिसऱ्या वेळी पानं भरतात. एका मुलीनं एकदा लिहिलं होतं : ‘संगीत थांबलं तेव्हा ते होतं हे मला कळलं.’ बारा वर्षांची पोर. ही समज शिकवायला मला ‘निशांत’ आणि ‘तमस’इतकं चांगलं साधन मिळालेलं नाही. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री. पुरस्कारांनी माणूस मोठा होतो असं मला म्हणायचं नाही. पण अकादमीला ज्याचं संगीत ‘ठरवता’ आलं, त्याच्यासाठी आपल्याला एक संध्याकाळ ठरवता येऊ नये?

महोत्सवाच्या तीन रात्री तुम्ही वाटून टाकल्या आहेत : पहिली शास्त्रीय, दुसरी नाट्यगीत-भावगीत, तिसरी फिल्मी. व्यवस्थेसाठी ते ठीक आहे. पण संगीतकार या वाटणीसाठी जन्माला येत नाहीत. जो माणूस या तिन्ही खोल्यांमधून ये-जा करत राहिला, त्याला कोणत्याच खोलीत जागा मिळू नये, ही आपल्या वाटणीची चूक आहे. त्यासाठी वेळापत्रक बदला. पहिल्या रात्रीच्या आधीची संध्याकाळ मोकळी असते, सभागृह भाड्यानं घेतलेलंच असतं, ध्वनिव्यवस्था लागलेली असते.

तिसरं कारण, लोकांना माहीत नाहीत. चाळिशीच्या पुढच्या कोणालाही बाजारात थांबवा आणि लिरिल साबणाच्या जाहिरातीतली ती ला-ला-ला गुणगुणायला सांगा. ते भाटिया. रविवारी सकाळी ‘भारत एक खोज’ लागायचं, सुरुवातीला सृष्टीच्या उत्पत्तीबद्दलच्या ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे ते गंभीर स्वर यायचे आणि घरातली मोठी माणसं हातातलं काम सोडून टीव्हीसमोर येऊन बसायची. ते भाटिया. ‘वागले की दुनिया’, ‘खानदान’, ‘जाने भी दो यारो’, विजया मेहतांचा ‘पेस्तनजी’. सगळं त्यांचंच. लोकांना त्यांचं संगीत पुरेपूर माहीत आहे. माहीत नाही ते त्यांचं नाव. आणि नाव माहीत नाही, कारण ज्यांनी ते घ्यायचं ते घेत नाहीत. यात आपली समितीही आली. गेल्या महोत्सवाची छापील पत्रिका माझ्यासमोर आहे. शेवटच्या रात्रीच्या बावीस गाण्यांपुढे चित्रपटाचं नाव आहे, गायकाचं आहे, पडद्यावर गाणाऱ्या नट-नटीचंही आहे. संगीतकाराचं आणि गीतकाराचं एकाही गाण्यापुढे नाही. प्रायोजकांची नावं मात्र पानभर आहेत, आणि ती असायलाच हवीत, कारण त्यांनी पैसे दिले. मग ज्यानं गाणं दिलं त्याचं नाव का नको?

पैशांचा विषय निघाला म्हणून पुढचं लिहिते. सप्टेंबर २०१९ मध्ये भाटियांच्या परिस्थितीच्या बातम्या आल्या होत्या. खात्यात पैसे उरले नाहीत, गुडघे चालू देत नाहीत, घरातल्या चिजा विकायची वेळ आली आहे, असं त्या बातम्यांत होतं. तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. नंतर संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीनं आणि काही लोकांनी मदत केली. ती बातमी वाचून आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ हळहळ झाली. पण हळहळून काही होत नाही. त्या पिढीतल्या संगीतकारांना एकरकमी पैसे मिळायचे आणि गाणं पुढे पन्नास वर्षं वाजलं तरी पुन्हा काही मिळायचं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की संगीतकार आणि गीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क कोणाला लिहून देऊनही जात नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. पण कायदा मुंबईत राहून चालत नाही. आपल्या ऑर्केस्ट्राच्या रात्री तिकीट लावून बावीस गाणी वाजतात तेव्हा त्या गाण्यांचा परवाना काढला जातो का? मी दोन वेळा विचारलं. ‘एवढ्या छोट्या गावात कोण बघतं’ असं मला सांगितलं गेलं. मंडपवाल्याला आपण पैसे देतो, जनरेटरवाल्याला देतो, फुलवाल्याला देतो. गाणं करणाऱ्याचे तेवढे बुडवतो.

इथे एक गोष्ट जोडते, ती थोडी वेगळी आहे पण याच विषयातली आहे. खान्देशी बँड. लग्नसराईत आपले बँडवाले नाशिकपासून सुरतेपर्यंत जातात. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर त्यांची जी हुकमत आहे, ती मी शहरातल्या शिकलेल्या वादकांतही फार कमी पाहिली. नवं गाणं दोनदा ऐकलं की वाजवतात. पण पावसाळ्याचे चार महिने वाद्यं पेटीत आणि माणसं मजुरीला. त्यांच्यातल्या कोणालाही कागदावरचं स्वरलेखन वाचायला कोणी शिकवलेलं नाही. एका क्लॅरिनेटवाल्या काकांना मी भाटियांची एक सुरावट ऐकवली. त्यांनी डोळे मिटून तिसऱ्या ऐकण्यात ती वाजवली आणि मग म्हणाले, “ताई, याच्या खालून अजून एक चाललंय, ते दुसऱ्यानं वाजवायला पाहिजे.” दोन स्वररेषा एकाच वेळी स्वतंत्रपणे चालतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जे शिकायला भाटिया पॅरिसला गेले, ते समजून घेणारा कान आपल्या गावात बँडच्या गाडीवर बसून फिरतो आहे. त्याला कागद द्या, चार महिने शिकवणारा माणूस द्या, मग बघा शताब्दीला काय उभं राहतं. आमच्या प्रस्तावातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच होता आणि समितीनं त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

मानवंदनेच्या फलकाबद्दल एवढंच सांगते : तो लावू नका. ज्याची एकही रचना त्या तीन रात्रींत वाजणार नाही, त्याच्या फोटोला हार घालण्यात कसला मान आहे?

आमच्या मागण्या अशा आहेत.

येत्या महोत्सवात एक संध्याकाळ वनराज भाटियांच्या संगीताला मिळावी. ‘भूमिका’ आणि ‘मंथन’मधली गाणी, दोन-तीन पार्श्वसंगीताचे तुकडे, आणि त्यावर बोलणं. गायक-वादक स्थानिक असतील. मानधन फक्त बँडवाल्या वादकांना द्यावं, आम्ही शिक्षक विनामोबदला काम करू. रीतसर परवाने घेऊन ‘मंथन’ त्या आठवड्यात एकदा पडद्यावर दाखवता आला तर दूध संस्थांच्या सभासद बायकांना तो विनामूल्य दाखवावा.

यापुढे प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आणि निवेदनात प्रत्येक गाण्याचे संगीतकार आणि गीतकार यांची नावं असावीत. हे आजपासून करता येतं, याला एक पैसा लागत नाही.

तिकीट लावून होणाऱ्या सगळ्या कार्यक्रमांसाठी गाण्यांचा रीतसर परवाना घ्यावा आणि त्याचा खर्च समितीच्या जमाखर्चात दाखवावा. वर्गणीदारांना तो कळू द्या. लोक दोन पैसे जास्त देतील, अशी माझी खात्री आहे.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत बँडमधल्या वादकांसाठी आणि आमच्या वर्गांतल्या मोठ्या मुलांसाठी स्वरलेखन वाचनाचा वर्ग सुरू करावा. जागा समितीच्या कार्यालयाची, ती एरवी संध्याकाळी बंदच असते. शिकवण्याची जबाबदारी मी आणि माझे दोन सहकारी घेतो. समितीनं फळा, कागद आणि बाहेरून महिन्यातून एकदा बोलवायच्या एका जाणकाराचा प्रवासखर्च द्यावा.

आणि शेवटची मागणी. हा प्रस्ताव कोणत्या बैठकीत, कोणासमोर आणि किती चर्चेनंतर नामंजूर झाला, ते कळवावं. बैठकीचं इतिवृत्त वर्गणीदारांना बघता यावं. आमच्यापैकी कोणालाही बोलावून दहा मिनिटं ऐकून घेतलं असतं, तर यातल्या बऱ्याच गोष्टी खोलीतच सांगता आल्या असत्या.

समितीची पुढची बैठक महिनाअखेरीला आहे असं कळतं. हा विषय त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि आम्हाला बोलावावं. आम्ही ध्वनिफिती, कार्यक्रमाचा आराखडा, खर्चाचा अंदाज आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या काकांना घेऊन येऊ.

कळावे,

आपली,
गेली अनेक वर्षं याच गावात गायन आणि हार्मोनियम शिकवणारी एक शिक्षिका